सकाळचा महाराष्ट्र दिन, संध्याकाळचा कामगार दिन

(झाशी येथे १ मे रोजी रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



आज सकाळी आम्ही महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. दीपप्रज्वलन झाले, भाषणे झाली, बटाटेवडे झाले. आता संध्याकाळी कामगार दिनाला तुमच्यापुढे उभे आहोत. तारीख एक, गाव एक, पण माणसे तीच नाहीत. सकाळी आमच्या मागेपुढे एकही ट्रॅक मेंटेनर दिसला नाही. आता निम्मी सभा त्यांची आहे. सकाळच्या समितीत जे सुपरवायझर आणि हेडक्लार्क बंधू होते, ते आमच्या युनियनचे वर्गणी भरणारे सभासद आहेत, पण त्यांतले इथे दोघेच आले आहेत. त्या दोघांचे स्वागत. कुणाला टोचावे म्हणून हे बोलत नाही. आम्ही सकाळीही होतो आणि आताही आहोत, तेव्हा दोन्हीकडचा दोष आमच्याच पदरात पडतो.

झाशीत मराठी माणूस दोन वाटांनी आला. पहिली वाट घोड्याची. अठराव्या शतकात, १७४२ च्या सुमारास, पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर इथे आले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवले, दक्षिणेतून घराणी आणली. पुढे पारोळ्याचे नेवाळकर आले. दुसरी वाट रुळांची. १८८९ साली इंडियन मिडलँड रेल्वे इथे पोहोचली, कारखाना उभा राहिला आणि १९०० साली ही सगळी लाइन जीआयपीकडे गेली. मग भुसावळ, मनमाड, अकोला, नागपूर इकडची माणसे भरतीने आणि बदलीने येऊ लागली. १९५१ साली जीआयपीची मध्य रेल्वे झाली, पण मुख्यालय मुंबईलाच राहिले. २००३ च्या १ एप्रिलला झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला, मुख्यालय अलाहाबादला, म्हणजे आजच्या प्रयागराजला. आपल्या मुलांची ती जुनी वाट तेव्हापासून जवळजवळ मोडली. नगरा, प्रेमनगर, सीपरी बाजार इकडे मराठी पाट्या कमी होत चालल्या आहेत. माणसे कमी झाली की अभिमान वाढतो, हा आमचा अनुभव आहे. त्यात वाईट काही नाही. पण या अभिमानाच्या पंगतीत कोणाकोणाचे पान मांडतो, हे एकदा बघायला हवे.

राणी लक्ष्मीबाई आपली. तांब्यांची लेक, नेवाळकरांची सून. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या स्टेशनालाच वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव दिले गेले, तेव्हा आम्ही पेढे वाटले. आता टपाल खात्यातल्या बंधूंना एक विचारतो. राणीचे तिकीट कधी निघाले? १९५७ साली, उठावाच्या शताब्दीला. झलकारीबाईचे तिकीट कधी निघाले? २००१ साली. मधे ४४ वर्षे गेली. झलकारीबाई झाशीजवळच्या भोजला गावची, कोरी समाजातली. राणीला किल्ल्यातून बाहेर पडायला अवधी मिळावा म्हणून राणीच्या वेषात ती इंग्रजांपुढे गेली, असे सारा बुंदेलखंड सांगतो. राणीची हकिकत गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली. झलकारीबाईची हकिकत लोकांच्या तोंडी राहिली, कारण तिच्या घरात लिहिणारे कोणी नव्हते. आज सकाळी स्टेजवर राणीचा फोटो होता, शिवाजी महाराजांचा होता. झलकारीबाईचा नव्हता. आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "सेक्रेटरीसाहेब, ती मराठी कुठे होती?"

उत्तर बरोबर आहे. पण मग ज्या गँगमन बंधूंची मातृभाषा मराठी आहे, जे अकोला-वर्ध्याकडून आले, ज्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, ते सकाळी का नव्हते? त्यांना मराठी येत नाही काय?

बाबासाहेबांचे नाव आले म्हणून आपल्याच खात्यातली एक गोष्ट सांगतो, कारण नव्या मुलांना ती माहीत नसते. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे ते तिथे म्हणाले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती सर्वच जातींत आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. पण आम्हाला त्या भाषणात सर्वांत जास्त लागते ते पोर्टरचे उदाहरण. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागला की गँगमन म्हणूनच संपतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो, आणि अस्पृश्याच्या हातचे पाणी मास्तरच्या घरात चालत नाही. बघा, प्रमोशन कुठे अडले? रूलबुकात नाही. मास्तरच्या माठापाशी अडले. युनियनवाले याबद्दल बोलत नाहीत, हीही त्यांची तक्रार होती. बोलले तर एकी फुटेल, अशी युनियनवाल्यांना भीती.

झाशी त्याच जीआयपीवर होती, बंधूंनो. स्टेशनावर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळायचे, तो हाच काळ.

आता घरातले सांगतो. आमचे वडील भुसावळहून बदलीने इथे आले, लोको शेडमध्ये खलाशी होते. आमच्याच लाइनीत शेवटच्या क्वार्टरमध्ये एक गँगमन राहायचे, अकोल्याकडचे. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. आमच्या आईचे आणि मावशीचे नळावर तासन्‌तास बोलणे चालायचे. या परमुलुखात वऱ्हाडी-खानदेशी बोलायला दुसरे होते कोण? पण संक्रांतीला आई हळदीकुंकू करायची तेव्हा सगळ्या लाइनीतल्या बायका यायच्या आणि मावशीला बोलावणे नसायचे. मावशी १९५६ नंतरच्या घरातली. तिला कुंकवाचे अप्रूप नव्हते. बोलावण्याचे होते.

मग १९७४ सालचा संप आला. ८ मे ते २७ मे. वडिलांना पहिल्याच आठवड्यात धरून नेले. आम्ही तेव्हा पहिलीत होतो. क्वार्टर रिकामे करा म्हणून रोज धमकी यायची. वीस दिवसांत आमच्या दारात पीठ कोणी आणून दिले? मावशीने. तिचा नवराही संपावर होता, तिच्या घरी काय होते ते तिलाच ठाऊक. ते पीठ आईने घेतले, त्याच्या भाकरी केल्या, आम्ही खाल्ल्या. पुढच्या संक्रांतीला आईने मावशीला बोलावले. मावशी आली. आईने तिला तिळगूळ दिला, ओटीही भरली, पण व्हरांड्यात. आतल्या खोलीत बाकीच्या बायका बसल्या होत्या.

आमची आई वाईट बाई नव्हती. तिने तिच्या परीने एक पाऊल टाकले, आणि पाऊल उंबऱ्यापाशी थांबले. पुढे ती या गोष्टीवर कधी बोलली नाही. मावशीही बोलली नाही.

परमुलुखातला माणूस म्हणजे काय, हे आपण अधूनमधून विसरतो. २००८ च्या ऑक्टोबरात मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. ती बातमी इकडे आली त्या रात्री आम्हाला झोप नव्हती. आपली मुले इथल्या कॉलेजात, इथल्या गल्लीत. सकाळी शेजारचे बुंदेली गृहस्थ स्वतः चहा घेऊन आले आणि दारात खुर्ची टाकून बसले. तासभर बसले. काही बोलले नाहीत. हे आमचे दार आहे, एवढेच त्यांना गल्लीला दाखवायचे होते. आम्ही त्यांच्या लेखी मराठी होतो आणि तरीही त्यांचे होतो.

आता ज्या कामासाठी ही सभा आहे तिथे येतो.

गेल्या काही वर्षांत सफाईचे काम ठेक्यावर गेले. डब्यांना बायो-टॉयलेट बसली, रुळांवरची घाण कमी झाली, ही चांगली गोष्ट. हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलाही त्याबद्दल सांगितले. यंत्रे आली, गणवेश आले. पण झाडू धरणारे हात कोणत्या वस्तीतून येतात ते बघा. तीच वस्ती, त्याच घरांतल्या सुना. फरक इतकाच की पूर्वीचा सफाईवाला खात्याचा नोकर होता, त्याला पास होता, पेन्शन होती, युनियनचे कार्ड होते. आता त्याच्या सुनेजवळ ठेकेदाराचा गळ्यातला बिल्ला आहे.

या मार्चमध्ये एका ठेकेदाराने या बायकांचा तीन महिन्यांचा पगार थकवला. काहींची एटीएम कार्डे त्याच्या मुकादमाकडेच होती. त्या बावीस जणी आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिसात म्हणजे पायरीपर्यंत. आम्ही टेबलाशी बसून बोलत होतो, त्या बाहेर उन्हात उभ्या होत्या. अर्धा तास झाला तरी "आत या" म्हणायचे आमच्या तोंडून निघाले नाही. सुचलेच नाही. शेवटी लक्षात आले, म्हणालो, "जिज्जी, अंदर आओ." त्यांच्यातली एक म्हणाली, "नईं भैया, हम इतई ठीक हैं." त्या रात्री आम्हाला आईचा व्हरांडा आठवला.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने द्यायचा, ही तरतूद कायद्यात आहे. ती दाखवून आम्ही अर्ज केला आणि दोन महिन्यांचा पगार सुटला. तिसऱ्याचे भांडण चालू आहे. पण पुढच्या वेळी त्या कोणाच्या नावाने भांडतील? म्हणून आमचा प्रस्ताव आहे की शाखेने ठेका सफाई कामगारांना सहयोगी सभासद करून घ्यावे आणि घटनेत तशी दुरुस्ती करण्यासाठी मुख्यालयाला लिहावे.

याला विरोध आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. एक बंधू म्हणतात, मान्यतेच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. खरे आहे. २००७, २०१३, २०२४, तिन्ही वेळा कायम नोकरांनीच मत दिले. मत नसलेल्या माणसाकडे पुढारी जात नाही, हे आम्ही आमच्यावरूनच सांगतो. दुसरे म्हणतात, प्रशासन नाराज होईल. ते आजवर खूश कधी होते? तिसरे बंधू चांगले कार्यकर्ते आहेत, नाव घेत नाही. ते म्हणाले, "घ्या, पण त्यांच्यासाठी वेगळे पावती पुस्तक छापू." आम्ही विचारले, वेगळे कशाला? म्हणाले, हिशेबाला सोपे जाईल. बंधूंनो, हिशेब आम्ही एकवीस वर्षे ठेवतो आहोत. एका पुस्तकात दोन रकाने मावतात. हॉटेलात वेगळी कपबशी ठेवणारेही धुवायला सोपे जाते असेच म्हणायचे.

आमच्या नोकरीची दोन वर्षे राहिली. हा प्रस्ताव पडला तर आम्ही सचिवपदावर राहणार नाही, हे आजच सांगून ठेवतो. धमकी म्हणून नव्हे. त्या पायरीवर परत त्यांना उभे करून टेबलाशी बसणे आम्हाला जमणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यकारिणी बसेल. नाइट ड्यूटीवाल्यांनी थेट यावे, चहाची सोय आहे. बावीसपैकी आठ जणी येणार आहेत. खुर्च्या आत मांडायच्या आहेत, तेव्हा शेडमधल्या दोघा-तिघांनी साडेनऊला यावे.