पट्टी, चप्पल आणि मज्जातंतू
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तरीही आज शरीराबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण कालची पट्टी.

काल संध्याकाळी जुन्या वर्गात आपण विज्ञानाच्या बाईंचा तो प्रयोग पुन्हा केला. एकाने पट्टी सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. नववीत माझी पट्टी १५ सेंटिमीटरवर थांबायची, काल २० वर थांबली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "वायरिंग जुनं झालं!" सगळे हसले, मीही हसले. पण रात्री हिशेब मांडून बघितला.

१५ सेंटिमीटर पडायला पट्टीला ०.१७५ सेकंद लागतात, २० ला ०.२ सेकंद. म्हणजे मी २५ मिलिसेकंदांनी मंदावले. आता वायरिंग बघू. मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या पायावर मोजला. त्याआधी तो मोजताच येणार नाही, असं त्यांचे गुरू म्युलर यांच्यासह अनेकांना वाटायचं. माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. तान्ह्या बाळात याच्या निम्मा. तंतूंवर मायलिनचं आवरण चढत जातं तसा वाढतो आणि तीन ते पाच वर्षांत मोठ्यांइतका होतो. चाळिशीनंतर निरोगी माणसातही दर दहा वर्षांना मीटर-दीड मीटरने उतरतो.

समजा, माझा वेग ५५ वरून ५० वर आला. मेंदूपासून बोटापर्यंत अंतर साधारण एक मीटर. तेवढ्याला पूर्वी १८ मिलिसेकंद लागायचे, आता २०. फरक फक्त दोनचा! उरलेले तेवीस तारांच्या वाट्याला जात नाहीत. ते मुख्यतः मेंदूतले: बघणं, ठरवणं, हुकूम सोडणं. आमच्या भाषेत सांगायचं तर लाईन ठीक आहे, सर्व्हरला वेळ लागतोय.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण "वयच झालं" या दोन शब्दांनी आमच्या घरात दोन वर्षं वाया घालवली.

माझ्या आईच्या पायाला मुंग्या यायच्या. चालताना चप्पल मागे सुटून राहायची आणि तिला कळायचंही नाही. ती म्हणायची, "सत्तरी आली, आता असंच." मीही मान डोलवायची. शेवटी अंधारात न्हाणीघरात पडली, तेव्हा तपासणी झाली. नर्व्ह कंडक्शन टेस्टच्या आधी तंत्रज्ञाने तिचे गार पाय शेकून घेतले. त्वचा एका अंशाने थंड असली, तरी वेग सेकंदाला दोनेक मीटर कमी दिसतो, म्हणून. मग आकडे तिच्या वयाच्या निरोगी माणसांच्या आकड्यांशी ताडले.

वयाने वेगापेक्षा संदेशाचा जोर जास्त घटतो, कारण काही तंतूच कमी होतात. पायांचे तंतू सगळ्यांत लांब, म्हणून फरक तिथे आधी दिसतो. साठी-सत्तरीनंतर अंगठ्याला कंप कमी जाणवतो, घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल उडत नाही. निरोगी माणसातही हे होऊ शकतं. पण आईचे आकडे त्याच्याही खाली होते. रक्तात बी-१२ फारच कमी. जन्मभर शाकाहार, त्यात मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन. दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि सहा महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. बधिरपणा मात्र थोडा राहिलाच. दोन वर्षं आधी गेलो असतो तर कदाचित तोही राहिला नसता. आता ती मागे पट्टा असलेली चप्पल घालते, आणि रात्री न्हाणीघरातला दिवा चालू असतो.

म्हणून गुरुजनांना हात जोडून, आणि तुम्हाला हक्काने सांगते: पट्टी चार-पाच सेंटिमीटर खाली सरकली तर खुशाल हसा. पण तळवे बधिर झाले, मुंग्या येत राहिल्या, चप्पल नकळत सुटली, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांना सांगा; साखर आणि बी-१२ तपासायचं का, ते विचारा. घरी गेल्यावर आई-वडिलांनाही हे विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.

बाई, तुमचा प्रयोग तीस वर्षांनी उपयोगी पडला.