आधी स्वतःला वाढून घेणारं हृदय

(डोंबिवलीत गटांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या वस्त्यांमध्ये काम करते. तरी आज हृदयावर बोलायला उभी आहे. आईचं काळीज, काळजावर दगड, काळजाचा तुकडा, हे सगळं आपल्याच वाट्याला आलेलं आहे. पण छातीतलं हृदय चालतं कसं, हे कुणी आपल्याला बसवून सांगितलेलं नाही.

आपापली मूठ आवळा आणि छातीच्या मध्यावर, किंचित डावीकडे धरा. साधारण एवढंच आपलं हृदय. वजन पाव किलोच्या आसपास. आत चार कप्पे. वरच्या दोन कर्णिका, खालच्या दोन जवनिका. काही पुस्तकांत त्यांना अलिंद आणि निलय म्हणतात. शरीरभर फिरून दमलेलं रक्त दोन महाशिरांतून उजव्या बाजूला येतं. तिथून ते फुप्फुसांत जातं, प्राणवायू घेतं आणि डाव्या बाजूला परत येतं. मग डावी जवनिका, जिची भिंत सगळ्यांत जाड, ते महाधमनीत ढकलते. वाटेत चार झडपा आहेत. त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. लहानपणी घसा सुजून नंतर सांधेताप आला, तर या झडपा खराब होऊ शकतात. काही बायकांना हे कळतं ते थेट गरोदरपणात, दम लागायला लागल्यावर. मिनिटाला ७०-७२ ठोके, सुमारे ५ लिटर रक्त. दिवसाला एक लाख ठोके.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट. महाधमनी हृदयातून बाहेर पडते ना पडते, तोच तिला पहिल्या दोन फांद्या फुटतात. त्या मेंदूकडे जात नाहीत, हातापायांकडे जात नाहीत. त्या हृदयाच्याच अंगावर पसरतात. याच करोनरी धमन्या. सगळ्या शरीराला वाढणारं हृदय पहिली वाटी स्वतःसाठी काढतं. कप्प्यांतून एवढं रक्त वाहतं, पण त्याच्या जाड भिंतीचं पोट त्यावर भरत नाही. ते या धमन्यांवरच भरतं. आणि डाव्या जवनिकेला हे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं, कारण आकुंचन पावताना तिचा स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. विसावा नसेल तर पोषणही नाही. हृदयाला कुणी स्वार्थी म्हणतं का?

माझ्या मावशीला एका रात्री जबडा आणि पाठ दुखायला लागली. दरदरून घाम आला, मळमळलं. "ॲसिडिटी असेल गं," म्हणाली. जवळच्या डॉक्टरांनीही टेन्शन घेऊ नका म्हणून गोळी दिली. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा ती उठली, पिंपं भरली, डबे केले आणि मग खाली बसली. एक करोनरी धमनी बंद झाली होती. मावशी वाचली. पण स्नायूचा जो भाग उपाशी राहून मेला, तो परत येत नाही. आता तिला डोंबिवली स्टेशनचा पूल एका दमात चढवत नाही.

हार्ट अटॅक म्हणजे सिनेमात छाती धरून कोसळणारा पुरुष, हे चित्र पुसून टाका. बाईच्याही छातीत दुखतं, दाब येतो. पण त्यासोबत, कधी त्याशिवायही, जबडा, पाठ, खांदा दुखणं, धाप, मळमळ, घाम, न सोसणारा थकवा ही लक्षणं बायकांत जास्त दिसतात. पाळी गेल्यावर धोका वाढतो. मधुमेह, रक्तदाब, मशेरी, चुलीचा धूर यांनी वाढतो. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती, त्यांनी पुढेही तपासत राहायचं. असं काही अचानक झालं, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात "आधी कार्डिओग्राम काढा" असं स्पष्ट म्हणा.

स्पष्ट म्हणणं आपल्याला जड जातं, हे मला माहीत आहे. आनंदीबाई जोशी याच कल्याणात वाढल्या, जन्म १८६५ सालचा. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ साली, त्यांनी श्रीरामपूरच्या भर सभेत सांगितलं की या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. आपलं शरीर आपण समजून घ्यायचं, हा हट्ट या गावाला नवा नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीला प्रत्येकीने दोन कामं करून यायचं. रक्तदाब आणि साखर तपासायची. आणि एका रात्री सगळ्यांच्या आधी, निदान सगळ्यांबरोबर, ताटावर बसायचं. घरात कुणी विचारलं, तर मूठ छातीवर ठेवून सांगा, हे इथून शिकले.