मोझांबिकची पहिली अकरा वर्षे : राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्यापुढील आव्हाने

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसाहतवादी जोखडातून मुक्त झालेल्या राष्ट्राच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षापुढे कोणती संकटे उभी ठाकतात, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन ठरावीक उत्तरांपाशी येऊन थांबते. साम्राज्यवाद्यांच्या कारस्थानांमुळे सर्व काही बिघडले, असे आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. समाजवादाचा हट्ट धरला म्हणून बिघडले, असे भांडवली वृत्तपत्रे म्हणतात. दुसरे उत्तर खोटे आहे, हे सांगायला आपल्याला फार वेळ लागत नाही. परंतु पहिले उत्तर अपुरे आहे, हे कबूल करायला मात्र आपण कचरतो. मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीचा तपशील आज मांडायचा आहे तो याच कारणासाठी. (गोव्याच्या कॉम्रेड्सना हे आडनाव ऐकून फोंडा तालुक्यातील गाव आठवेल, तो केवळ नामसाधर्म्याचा योगायोग आहे. गोव्याचा मोझांबिकशी खरा संबंध निराळा आहे, त्याकडे मी शेवटी येईन.)

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाले. त्यापूर्वी महिनाभर माशेल उत्तरेच्या रोवुमा नदीपासून दक्षिणेला राजधानीपर्यंत, प्रांतामागून प्रांत ओलांडीत, सभा घेत आले होते. मुक्तिलढ्याचा इतिहास आपल्याला परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. १९६२ मध्ये दार-ए-सलाम येथे तीन संघटना एकत्र येऊन फ्रेलिमोची स्थापना झाली. २५ सप्टेंबर १९६४ रोजी सशस्त्र लढा सुरू झाला. फ्रेलिमोचे पहिले अध्यक्ष एदुआर्दो मोंडलाने यांचा ३ फेब्रुवारी १९६९ रोजी पार्सल-बॉम्बने खून करण्यात आला. आणि एप्रिल १९७४ मध्ये, आफ्रिकेतील युद्धांनी कंटाळलेल्या पोर्तुगीज सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी लिस्बनमधील फासिस्ट राजवट उलथून टाकली. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे सत्तांतराचा करार झाला. माशेल स्वतः गाझा प्रांतातील एका शेतकऱ्याचे पुत्र, आणि व्यवसायाने रुग्णालयातील परिचारक. गोऱ्या आणि काळ्या परिचारकांच्या वेतनातील तफावत त्यांनी नोकरीत पाहिली होती. राजकारणाचे पहिले धडे त्यांनी तेथे घेतले.

त्यांच्या हाती आले काय? निरक्षरतेचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक. सक्तीचे श्रम आणि सक्तीची कापूस-लागवड यांनी पिळून निघालेला शेतकरी. सुमारे दोन लाख पोर्तुगीज वसाहतवासी देशात होते. त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक एक-दोन वर्षांत निघून गेले, आणि जाताना अनेकांनी ट्रॅक्टर मोडले, यंत्रे निकामी केली, गुरे मारून टाकली. या लोकांचे जाणे म्हणजे केवळ मालकांचे जाणे नव्हते. पोर्तुगीजांनी मोटार चालविण्यापासून दुकानाची वही लिहिण्यापर्यंतची कामे स्वतःच्या माणसांसाठी राखून ठेवली होती. त्यामुळे त्यांच्याबरोबर कारकून गेला, मेकॅनिक गेला, खेड्यातला व्यापारी गेला. सबंध देशात शंभराहूनही कमी डॉक्टर उरले. आपल्या देशात १९४७ साली इंग्रज गेला तेव्हा मागे नोकरशाही होती, रेल्वेचा कामगार होता, देशी भांडवलदारही होता. मोझांबिकमध्ये राज्ययंत्र ताब्यात घ्यायला गेलेल्या क्रांतिकारकांना कित्येक ठिकाणी रिकाम्या खुर्च्या मिळाल्या.

या परिस्थितीत पहिल्या दोन-तीन वर्षांत जे साधले गेले, ते विसरता कामा नये. २४ जुलै १९७५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला महिनाही झाला नसताना, शाळा, रुग्णालये, खाजगी वैद्यकी, वकिली आणि अंत्यसंस्कारांचा धंदासुद्धा राष्ट्राच्या मालकीचा झाला, जमीनही झाली. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी भाड्याच्या घरांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच दिवशी राजधानीचे लोरेन्सो मार्किस हे नाव जाऊन मापुतो हे नाव आले. झोपडवस्तीतील कुटुंबे सिमेंटच्या शहरात राहायला आली. लसीकरणाची मोहीम खेड्याखेड्यांतून फिरली. हजारो कंपनी-नावांच्या औषधांऐवजी काही शे मूळ औषधांची यादी ठरविण्यात आली; औषध कंपन्यांना ती मुळीच रुचली नाही, आणि पुढे अनेक गरीब देशांनी त्याच मार्गाचा विचार केला. निरक्षरतेचे प्रमाण १९८० च्या जनगणनेपर्यंत सुमारे ७२ टक्क्यांवर आले. १९७७ च्या निवडणुकीत गावोगावच्या सभांमध्ये उमेदवार लोकांपुढे उभे केले जात, आणि बायकोला मारणारा, पोर्तुगीज पोलिसांची चाकरी केलेला, लाच खाणारा असे म्हणून लोक त्यांपैकी कित्येकांना नाकारीत. पक्ष एकच होता हे खरे. पण त्या सभांमध्ये ज्याने भाग घेतला, त्या शेतकऱ्याला आयुष्यात प्रथमच कोणाला तरी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळाला होता.

आता भूगोलाकडे पाहू, कारण माशेल यांच्यापुढील सर्वांत अवघड गाठ तेथे होती. मोझांबिकचा नकाशा पाहिला तर असे दिसते की, तिथले लोहमार्ग देशाच्या उत्तर आणि दक्षिण भागांना जोडीत नाहीत. ते समुद्रकिनाऱ्यावरील बंदरांपासून पश्चिमेकडे, दक्षिण आफ्रिकेच्या आणि ऱ्होडेशियाच्या खाणींकडे व मळ्यांकडे जातात. हा देश शेजाऱ्यांच्या मालाची वखार आणि शेजाऱ्यांच्या खाणींना मजूर पुरविणारा बाजार म्हणून बांधला गेला होता. १९७५ साली एक लाखाहून अधिक मोझांबिकी मजूर दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत राबत होते. त्यांच्या वेतनाचा काही भाग प्रिटोरियाचे सरकार सोन्याच्या रूपाने, अधिकृत कमी भावात, पोर्तुगीजांना देई आणि ते सोने खुल्या बाजारात विकून वसाहत मोठा नफा कमावीत असे. म्हणजे मजूर खाणीत, त्याचा पगार लिस्बनच्या तिजोरीत. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच खाणमालकांनी मजुरांची भरती सुमारे ४० हजारांवर आणली आणि १९७८ साली सोन्याची ती व्यवस्थाही बंद झाली. ज्या शोषणाविरुद्ध फ्रेलिमोने लढा दिला, तेच शोषण थांबताच दक्षिणेकडच्या हजारो कुटुंबांची चूल विझली. वसाहतवादाचा सापळा म्हणतात तो हा! काहोरा बासाचे प्रचंड धरण पाहा : वीज मोझांबिकच्या नदीची, ग्राहक दक्षिण आफ्रिका, आणि धरणाची बहुतांश मालकी मात्र २००७ पर्यंत पोर्तुगालकडे.

अशा अवस्थेत ३ मार्च १९७६ रोजी माशेल यांनी ऱ्होडेशियाची सरहद्द बंद केली. राष्ट्रसंघाने इयान स्मिथच्या वर्णवर्चस्ववादी राजवटीवर बहिष्कार पुकारलेला होता. श्रीमंत राष्ट्रे त्यातून पळवाटा काढीत होती, आणि दरिद्री मोझांबिकने तो अक्षरशः पाळला. बैरा बंदराचे उत्पन्न बुडाले. झिंबाब्वेच्या छापामारांना आसरा दिल्याबद्दल ऱ्होडेशियन विमाने मोझांबिकच्या गावांवर बॉम्ब टाकू लागली. याच काळात ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने पोर्तुगीज सैन्यातील माजी शिपाई आणि फ्रेलिमोतून फुटलेले लोक गोळा करून रेनामो ही संघटना उभी केली. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाले तेव्हा मापुतोला वाटले, आता युद्ध संपले. पण रेनामोचे पालकत्व दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराने उचलले होते. शाळा, दवाखाने, रेल्वेमार्ग, विजेचे मनोरे ही तिची लक्ष्ये. शिक्षक आणि परिचारिका हे तिचे पहिले बळी. म्हणजे नव्या राष्ट्राने जे जे निर्माण केले होते, नेमके तेच.

इथपर्यंतची कहाणी आपल्या पहिल्या उत्तराला पोषक आहे. परंतु प्रश्न असा उरतो की, जिला भाडोत्री म्हणून आपण योग्यच ठरवितो, ती टोळी देशाच्या एवढ्या मोठ्या भागात पसरली कशी? ज्या शेतकऱ्याने दहा वर्षे फ्रेलिमोच्या छापामारांना आपल्या घासातला घास दिला, तो या वेळी अनेक ठिकाणी उदासीन का राहिला?

याचे उत्तर लिंपोपो नदीच्या खोऱ्यात शोधावे लागते. हा माशेल यांचा जन्मप्रदेश. पोर्तुगीज वसाहतवासीयांसाठी येथे कालवे काढले गेले आणि मूळच्या शेतकऱ्यांना हुसकावण्यात आले. माशेल यांच्या कुटुंबाचीही जमीन त्यात गेली. १९७५ नंतर गोरे मालक पळाले. शेतकऱ्यांना वाटले, आता आपली जमीन आपल्याला परत मिळेल. पण ती जमीन एका प्रचंड सरकारी कृषिसंकुलात गेली. जो शेतकरी बापजाद्यांच्या शेतावर उभा राहून स्वातंत्र्याची वाट पाहत होता, तो त्याच शेतावर हंगामी मजूर झाला. शेतीवरील सरकारी गुंतवणुकीचा सिंहाचा वाटा अशा सरकारी शेतांच्या ट्रॅक्टर-कंबाइन्सवर खर्च झाला, आणि देशाचे बहुतेक धान्य पिकविणाऱ्या कुटुंबशेतीच्या वाट्याला नाममात्र रक्कम आली. खेड्यातला पोर्तुगीज दुकानदार गेला होता, त्याची जागा कोणी घेतली नव्हती. काजू आणि मका विकून शेतकऱ्याला कुदळ, मीठ, कापड मिळेना. मग त्याने विकणेच थांबविले. दुसऱ्या बाजूने, विखुरलेल्या वस्त्या मोडून सामूहिक ग्रामे वसविण्याचा कार्यक्रम चालू होता. पटवून देण्याऐवजी हुकूम देण्याची सवय त्यात बळावली. पारंपरिक मुखिया पोर्तुगीजांचे हस्तक म्हणून सरसकट दूर केले गेले. त्यांपैकी अनेक तसे होतेही, पण सगळेच नव्हते. नाराजीचे हे बियाणे रेनामोने पेरले नाही. तिने ते फक्त कापून नेले.

कामगार-शेतकरी ऐक्य हा शब्दप्रयोग आपण इतक्यांदा उच्चारतो की, त्यातला शेतकरी म्हणजे कुदळ विकत घेऊ पाहणारा माणूस आहे, हे कधी कधी विसरतो. फ्रेलिमोच्या फेब्रुवारी १९७७ मधील तिसऱ्या काँग्रेसने मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला. परंतु मध्यम व गरीब शेतकऱ्यावर जबरदस्ती करू नये, हा लेनिनचा आग्रह त्या स्वीकारात मागेच राहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

माशेल यांना हे दिसत नव्हते असे नाही. १९८० साली ते स्वतः गोदामांत, रुग्णालयांत, बंदरांवर जाऊन सडणारा माल आणि आळशी अधिकारी उघड्यावर आणीत होते. एप्रिल १९८३ च्या चौथ्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधींनी खेड्यांची कैफियत रोखठोकपणे मांडली, आणि कुटुंबशेतीला मदत देण्याचा, सरकारी शेते लहान करण्याचा निर्णय झाला. पण त्याच वर्षी फटक्यांची शिक्षा पुन्हा कायद्यात आणण्यात आली. ती पोर्तुगीज चाबकाची आठवण करून देणारी होती. त्याच वर्षी शहरांतील ‘अनुत्पादक’ लोकांना धरून दूरच्या नियासा प्रांतात पाठविण्याची मोहीम निघाली, आणि तिच्यात कागदपत्र जवळ नसलेले साधे कष्टकरीही भरडले गेले. पुनर्शिक्षण छावण्यांत न्यायालयीन चौकशीविना माणसे डांबली गेली, आणि फ्रेलिमोचे माजी उपाध्यक्ष उरिया सिमांगो यांच्यासारख्या विरोधकांना खटल्याविना ठार करण्यात आले. युद्धकाळाची सबब यातल्या काही गोष्टींना लागू पडते, सगळ्यांना नाही.

यानंतर दुष्काळ आला. १९८३-८४ मध्ये अंदाजे एक लाख माणसे भुकेने मेली. समाजवादी देशांनी मदत केली, सोविएत संघाशी मैत्रीचा करार १९७७ मध्येच झाला होता; पण १९८१ साली आर्थिक सहकार्य परिषदेचे सदस्यत्व मोझांबिकला नाकारले गेले. मिळालेली शस्त्रे सरहद्दीवरच्या नियमित युद्धाला योग्य होती, जंगलातल्या टोळ्यांशी झुंजायला नव्हेत. या पार्श्वभूमीवर १६ मार्च १९८४ रोजी नकोमाती नदीकाठी माशेल यांनी बोथांशी करार केला : मोझांबिकने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र दलाला थारा देऊ नये, दक्षिण आफ्रिकेने रेनामोचा पाठिंबा काढून घ्यावा. त्याच सप्टेंबरात मोझांबिक आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सदस्य झाले.

हा विश्वासघात होता काय? तेव्हा पुष्कळांनी तसे म्हटले, आणि मापुतोमधून बाहेर पडावे लागलेल्या आफ्रिकन काँग्रेसच्या कार्यकर्त्यांना तसे वाटणे स्वाभाविक होते. मला तो उपासमारीने गळ्यावर सुरी ठेवून घेतलेला करार वाटतो. माशेल यांनी आपला शब्द पाळला; प्रिटोरियाने पाळला नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये झिंबाब्वे आणि मोझांबिकच्या सैन्याने गोरोंगोझा येथील रेनामोचा मुख्य तळ जिंकला, तेव्हा तिथे सापडलेल्या दैनंदिनींतून दक्षिण आफ्रिकेची मदत कराराच्या नंतरही चालूच होती, हे सिद्ध झाले.

आता गोव्याचा संबंध. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्याचा सूड पोर्तुगीजांनी मोझांबिकमधील भारतीयांवर घेतला. त्यांना छावण्यांत कोंडले, मालमत्ता जप्त करून देशाबाहेर घालविले. मुक्तिलढ्याच्या बाजूने उभे राहिलेले गोमंतकीयही होते. बार्देशात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे त्यांतले अग्रगण्य. अल्जीयर्समध्ये पत्रकारिता करीत त्यांनी पोर्तुगीज वसाहतींतील सर्व चळवळींना एकमेकींशी जोडले, आणि पुढे मापुतो विद्यापीठातील आफ्रिकन अभ्यास केंद्राचे संचालक म्हणून खाणमजूर आणि शेतकरी यांच्या जीवनाचे संशोधन संघटित केले. याच केंद्रात १७ ऑगस्ट १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या हेरांनी पाठविलेल्या पार्सल-बॉम्बने कम्युनिस्ट विदुषी रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला. ब्रागांसा त्या स्फोटात जखमी झाले. ते माशेल यांचे निकटचे सल्लागार होते, आणि राष्ट्राध्यक्षांशी मतभेद बोलून दाखविणाऱ्या मोजक्यांपैकी एक म्हणून त्यांची ख्याती होती.

१९ ऑक्टोबर १९८६ रोजी रात्री झांबियातील बैठकीहून परतणारे माशेल यांचे विमान सरहद्दीपलीकडे, दक्षिण आफ्रिकेतील म्बुझिनी येथील डोंगरावर आदळले. ३४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत माशेल होते आणि ब्रागांसाही होते. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी मंडळाने वैमानिकांना दोषी ठरविले. सोविएत तज्ज्ञांनी खोट्या संकेतयंत्राने विमानाला वाट चुकविल्याचा निष्कर्ष काढला. वर्णभेदी राजवट संपल्यानंतर, १९९८ साली, सत्यशोधन आयोगाने निश्चित निर्णय दिला नाही, पण अधिक तपासाची गरज आहे असे नोंदविले. त्यानंतर आलेले जोआकिम शिसानो यांनी १९८७ पासून नाणेनिधीचा कार्यक्रम राबविला. १९८९ च्या पाचव्या काँग्रेसने मार्क्सवाद-लेनिनवादाचा उल्लेख गाळला. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये रेनामोशी तह झाला. तोवर युद्ध आणि उपासमार यांनी सुमारे दहा लाख माणसे मारली होती. जमीन मात्र आजही कायद्याने राष्ट्राच्या मालकीची आहे. ती विक्रीला काढावी असा आग्रह बाहेरून पुष्कळ झाला, पण २४ जुलै १९७५ चा तो निर्णय फिरविण्याचे धाडस मापुतोमधील कोणत्याही सरकारने आजवर केलेले नाही.