कोंबड्यांचे घर

अडचणीच्या, कोंदट जागेला ‘खुराडे’ म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. कोंबड्यांच्या निवाऱ्याविषयीची आपली जुनी समजूत या एका शब्दात साठली आहे. परसात चारसहा कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम हीच समजूत सोडावयास हवी.

गोव्यात किंवा खानापूरच्या बाजूला पाऊस जोराचा. त्यामुळे बांधणाऱ्याचे सारे लक्ष ऊब देण्याकडे लागते. तो चारी बाजूंनी फळ्या ठोकतो आणि फटी बुजवितो. वस्तुतः पिसांचे पांघरूण ल्यालेल्या कोंबडीस इकडील थंडी फारशी बाधत नाही. तिला बाधतो तो उकाडा. तिला घाम येत नाही; चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य उपाय. शिवाय बंद जागेत ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो व तो डोळ्यांस आणि श्वासमार्गास अपाय करतो. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, उत्तर-दक्षिण भिंतींचा वरचा भाग जाळीचा ठेवावा आणि झड आत येऊ नये यासाठी छपराची वळचण दोन-तीन फूट पुढे काढावी.

दुसरा प्रश्न शत्रूंचा. पातळ तारेची षट्कोनी जाळी कोंबडीला आत अडविते. उदमांजराला बाहेर अडवीलच असे नाही. तेथे अर्ध्या इंचाच्या घराची, जाड तारेची जाळी हवी. घूस जमीन पोखरून शिरते. तेव्हा जाळी फूटभर खोल पुरावी किंवा जांभ्या चिऱ्यांचे पक्के जोते घालावे. दारास भक्कम कडी असावी. अंडी विकून मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविणाऱ्या गृहिणीची सारी पुंजी सैल दारापायी एका रात्रीत नाहीशी होऊ शकते.

आतील मांडणीतही पाखराचा स्वभाव पाहावा लागतो. दर कोंबडीस निदान दोन चौरस फूट जागा आणि बसावयास आठ इंच दांडी लागते. कोंबडी झोपण्यासाठी उंच जागा शोधते. म्हणून अंड्यांच्या पेट्या दांडीपेक्षा खाली, अंधाऱ्या बाजूस असाव्यात. त्या उंच राहिल्या तर पाखरे तेथेच झोपतात आणि अंडी घाण होतात. चार-पाच कोंबड्यांस फूटभर लांबरुंद अशी एक पेटी पुरते.

बांधणारा पुष्कळदा स्वतःला मात्र विसरतो. ज्या कोपऱ्यात हात पोहोचत नाही, तो कोपरा कधी झाडला जात नाही. तेव्हा दार ऐसपैस असावे. जमिनीवर भाताच्या तुसाचा तीन-चार इंचांचा थर घालावा, तो वरचेवर हलवावा आणि ओला भाग काढून टाकावा. कुजविलेल्या या तुसाचे खत माडांस उपयोगी पडते.

घर कसे साधले आहे, हे तिन्हीसांजेस कळते. रोज आपण होऊन आत शिरणाऱ्या कोंबड्या एकाएकी फणसावर चढू लागल्या, तर त्यांना काठीने हाकण्यापूर्वी मालकाने स्वतः आत डोके घालून वास घ्यावा आणि दांडीच्या फटींत गोचीड लपले आहेत काय, ते दिवा धरून पाहावे.