जुना गेमिंग लॅपटॉप घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ओळखीतून जुना गेमिंग लॅपटॉप घ्यायचा विचार असेल, तर आधी त्याचं ग्राफिक्स कार्ड समजून घ्या. ते बहुधा मदरबोर्डलाच पक्कं जोडलेलं असतं. एसएसडीसारखं नंतर बदलता येत नाही. आणि नुसत्या नावावर जाऊ नका. उदाहरणार्थ, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० घ्या. लॅपटॉपमध्ये त्याची मेमरी ६ जीबी असते, पण मॉडेलनुसार त्याला ६० ते ११५ वॅट वीज मिळते. नाव तेच, वेग मात्र निराळा! म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक मागून घ्या आणि वॅटचा आकडा तपासा.

मग चार्जर लावून अर्धा तास एखादा जड गेम चालवून बघा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो व्यवहार सोडून द्या, असं मी स्पष्टच सांगेन. पहिली पाच मिनिटं सगळेच छान चालतात. तापल्यावर प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तापण्याचं कारण पंख्यातली धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट असेल, तर दुरुस्ती फार महाग नसते. पडद्यावर रंगीत ठिपके, चिरफाळलेलं चित्र दिसलं, तर मात्र घेऊच नका.

बॅटरी थोडीफार थकलेली असणारच. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. बिजागऱ्या, मूळ चार्जर आणि बिलही पाहून घ्या.