विंगेतून दिसणारा कलावंत

कॅमेरॉन क्रो या अमेरिकी दिग्दर्शकाचा 'ऑलमोस्ट फेमस' हा चित्रपट २००० साली आला. रॉक संगीताचं वेड लागलेला पंधरा वर्षांचा विल्यम मासिकात लिहिण्यासाठी एका बँडसोबत गावोगाव फिरतो, अशी त्याची कथा. क्रो स्वतः १९७३ मध्ये, सोळाव्या वर्षी, 'रोलिंग स्टोन' मासिकात लिहीत होते. म्हणूनच बसमधली भांडणं आणि ग्रीनरूममधले रुसवेफुगवे इतके खरे वाटतात. अनेकांना यातला आठवणींचा गोडवा भावतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो कडू प्रसंग. ज्यांची गाणी विल्यमला तोंडपाठ, तीच माणसं त्याचा लेख खोटा ठरवतात. पोरगा मोठा होतो तो तिथे, आणि तरीही गाण्यावरचं त्याचं प्रेम आटत नाही.

रॉकशी आपलं काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. त्यांनी चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी 'द डिसायपल' पाहावा. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. ख्याल शिकणारा शरद नेरुळकर रात्री रिकाम्या रस्त्यांवरून गाडी चालवत आपल्या गुरूंच्या गुरू माई यांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं ऐकतो. पुढे एक संग्राहक याच माईंबद्दल नको ते बोलतो, तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. गिटारच्या जागी तानपुरा आला, पेच तोच राहिला: ज्याला देव मानलं तो माणूस निघाला, आता त्याच्या कलेचं काय करायचं? विल्यमला हे लवकर उमगतं. शरदची उमेदीची वर्षं त्यात जातात.

हा पेच आपल्या वऱ्हाडातही आहे. अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवासाठी महिनामहिना तालमी करणारी मुलं, एप्रिलात भीमगीतांच्या कार्यक्रमांत कोरसला उभे राहणारे तरुण, खंजेरी भजनात पहिल्यांदा मागे बसायला मिळालेला पोरगा, हे सगळे विंगेतूनच मोठ्या कलावंताकडे पाहतात. मानधनावरची कुरबूर, गायकाचा संताप, हेवेदावे त्यांना दिसतात. हे पडद्यावर आणलं तर कलावंतांचा अवमान होईल, असा आक्षेप येतो, आणि श्रद्धेच्या या मुलखात तो समजण्याजोगा आहे. पण याच मुलखात गाडगेबाबांनी कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचार करायला लावलं, पायांवर डोकं ठेवू पाहणाऱ्यांना दूर सारलं. त्यांच्या भूमीत कलावंताला माणूस म्हणून पाहणं अनादर कसा ठरेल? उलट, दोष झाकून लिहिलेल्या गौरवलेखांत त्याचे कष्टही झाकले जातात. अकोला-अमरावतीच्या महाविद्यालयांत लिहू लागलेल्या मुलामुलींनी पटकथेसाठी मुंबईकडे पाहत बसू नये. यंदाच्या तालमींपासूनच वही जवळ ठेवा, आणि जे दिसेल ते प्रेमाने, पण खरं लिहा.