शब्दाला जामीन कोण?



वैशाखाच्या या उकाड्यात, घरी पंखा आणि हाती मोबाइल असताना, आपण या मांडवात येऊन बसलात याबद्दल प्रथम आपले आभार. चालकांनी आम्हांस विषय दिला आहे तो मोबाइलवरील ग्रुप, त्यांतून होणारी ज्ञानाची देवघेव आणि 'सामाजिक भांडवल' यांचा. विषय विद्वानांचा आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण जिनिंगच्या फाटकाबाहेर, कामगार-कचेरीच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यातून 'भांडवल' हा शब्द! तीस वर्षे ज्याच्या विरुद्ध घोषणा दिल्या, त्याचेच गुण गाण्याची पाळी आज आमच्यावर आली आहे. तथापि हे भांडवल जरा निराळे आहे, म्हणून आम्ही होकार दिला.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया प्रांतात खेड्यांतील शाळांचे काम पाहणारे हॅनिफन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी १९१६ साली हा शब्द वापरला. जमीनजुमला किंवा रोकड नव्हे, तर माणसामाणसांतील सद्भाव, सहवास आणि एकमेकांच्या उपयोगी पडण्याची सवय, हेही गावाचे भांडवलच होय, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे हे कोणी नव्याने सांगावयास नको. एकाचा एक बैल आणि दुसऱ्याचा एक, अशी सावड करून ज्यांनी शेते नांगरली, त्यांना ते ठाऊकच होते. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था वाढल्या, १९८६ साली निघालेली बुलढाणा अर्बन तर जिल्ह्याबाहेर दूरवर पोहोचली. पतसंस्थेच्या नावातच 'पत' आहे. तेथे कर्ज मागावयास गेले, की पहिला प्रश्न येतो, "जामीन कोण?" आजच्या भाषणात आम्हांस हा एकच प्रश्न विचारावयाचा आहे. फरक इतकाच, की तो पैशाबद्दल नसून शब्दाबद्दल आहे.

आमच्या चळवळीचे मूळ पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून 'दीनबंधु' पत्र मुंबईतून चालविले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे ठेवण्यासाठी मागण्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्या काळी मालकाच्या नजरेस नाव पडले, तर दुसऱ्या दिवशी फाटक बंद होण्याची भीती! तरी त्यांनी नाव दिले. पुढे १८९० च्या जून महिन्यात रविवारची सुटी पदरात पडली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्यामागे अशी नाव देणारी माणसे उभी आहेत.

आता मोबाइलकडे वळू. आमच्या वयाची माणसे त्यास नावे ठेवतात. आम्ही त्यांतले नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्या माणसांना त्याने विचारले, की ज्याने तुम्हांस खबर दिली, तो तुम्हांस किती वेळा भेटतो? वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले शंभरात सोळा-सतराच निघाले. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाने दिली होती. कारण उघड आहे. आपल्या ओट्यावर रोज बसणाऱ्याला जे माहीत असते, ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी गोष्ट दूरच्या माणसाकडून येते. मोबाइलने अशा दूरच्या ओळखींचे धागे शेकड्यांनी वाढविले, हा त्याचा मोठा गुण आहे.

मक्यावरील लष्करी अळीचे उदाहरण घ्या. ही अमेरिका खंडातली कीड. भारतात तिची पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकात झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात येऊन पोहोचली. ती पोंग्यात लपून खाते, आणि शेतकऱ्याने तिला पूर्वी कधी पाहिलेले नाही! मग त्याने ओळखावी कशी? डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षराची खूण, आणि शेपटाच्या बाजूला चौकोनात चार ठिपके. ही खूण दाखविणारा फोटो फोनवर फिरू लागला. 'होय आम्ही शेतकरी' यासारख्या ग्रुपांवर शेतकरी आणि कीटकशास्त्र शिकलेले लोक एकाच ओट्यावर बसल्यासारखे बोलतात. एकजण बांधावरून पानाचा फोटो टाकतो, दुसरा शंभर कोसांवरून उत्तर देतो. उत्तर देणाऱ्यास त्याचे दाम मिळत नाही. मग तो का देतो? कारण काल त्यालाही कोणीतरी दिले होते, आणि उद्या लागेल तेव्हा कोणी देईल असा त्याला भरवसा असतो. ही सावडच झाली. बैलाच्या जागी माहिती आली, एवढेच.

परंतु ज्या वर्षी हा फोटो फिरला, त्याच वर्षी दुसरेही काही फिरले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा तो मजकूर होता. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत इतक्या दूर आली होती. त्यांचा अपराध एवढाच, की ती अनोळखी होती. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने आपल्या देशापुरती अशी मर्यादा घातली, की एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये. मर्यादा चांगलीच आहे. पण मजकूर पाच ठिकाणी गेला काय नि पन्नास ठिकाणी गेला काय, तो मुळात कोणी लिहिला, हे विचारणारा त्या बाजारात कोणीच निघाला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या जमावात आपसांत भरवसा नव्हता असे नाही. उलट, शेजाऱ्याने धाडले म्हणून शेजाऱ्याचा विश्वास बसला. रॉबर्ट पटनम या अभ्यासकाने सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक आपल्याच माणसांना घट्ट बांधणारे, आणि दुसरे परक्यापर्यंत पूल टाकणारे. बांधणारे पुष्कळ आणि पूल एकही नाही, अशी स्थिती झाली म्हणजे अनोळखी माणूस जिवाला मुकतो.

हे दूरचे झाले. आता आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बांधकाम मजुरांच्या ग्रुपवर एक संदेश आला. अमुक तारखेच्या आत तालुक्याच्या गावी कागदपत्रे घेऊन या, मजुरांना एकरकमी मदत मिळणार आहे. धाडणारा ओळखीचा होता. आम्ही घाईत होतो. 'महत्त्वाचे, सर्वांनी वाचावे' असे वर लिहून आम्ही तो आणखी चार ग्रुपांवर टाकला. ठरल्या दिवशी चाळीसेक माणसे आली. कोणी रोज बुडविला, कोणी उसने भाडे घेऊन एस.टी.ने आले. तशी योजनाच नव्हती! दुपारी सारे परत फिरले. एक म्हातारी बाई मात्र झाडाखाली बसून राहिली. आम्ही जवळ गेलो, तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमी धाडलं म्हनून आमी आलो. तुमी इचारलं होतं काय कोनाले?"

बंधूंनो, त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही कोणाला विचारले नव्हते. संदेश दुसऱ्याचा होता, पण त्या बाईने एस.टी.त पाय ठेवला तो आमच्या नावावर. तीस वर्षे फाटकाबाहेर उभे राहून जी काही पत जमली होती, ती आम्ही दोन बोटांनी उधळली होती.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर साधा नियम केला. खबर टाकणाऱ्याने तीन गोष्टी लिहावयाच्या : कोठून कळली, केव्हाची आहे, आणि आपण स्वतः कोणाला विचारून खात्री केली. खात्री केली नसेल तर 'विचारले नाही' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तेच बोलून धाडावयाचे. महिन्यातून एकदा प्रत्यक्ष बैठक घ्यावयाची. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण, पण सर्वांत उपयोगाचा ठरला. कारण ग्रुपवर बोलतात ते दहाबारा जण. पुष्कळ बायकांच्या घरी फोन आहे तो मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. त्यांना काय ठाऊक आहे आणि काय पाहिजे आहे, ते बैठकीतच कळते. ज्या ज्ञानावर त्यांचा हक्क आहे ते त्यांच्यापर्यंत गेले नाही, तर वाटणी झाली असे कसे म्हणावे?

आता शेवटचा आणि आमच्या जिव्हारी लागलेला दाखला. २०२१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस एस.टी. कामगारांच्या संघटनांच्या कृती समितीने उपोषण मागे घेतले. तरीही आगारांतले कामगार विलीनीकरणाच्या मागणीवर ठाम राहिले. व्हॉट्सॲपवरून आगाराला आगार जोडले गेले. जुने पुढारी पाहतच राहिले. संप महिनोन्‌महिने चालला आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले. मधल्या काळात घराघरांत चुली अडल्या. पगारात वाढ झाली, विलीनीकरण झाले नाही. कोणी म्हणतात, मोबाइलने संघटना मोडली. आम्हांस ते पटत नाही. आमच्यासारख्या संघटनांवरचा भरवसा आधीच आटला होता, फोनने ते उघड केले. पण दुसरी बाजूही आहे. हजारोंना एका रात्रीत उभे करणे फोनला साधले. कोठे थांबावे, किती घेऊन परत यावे, हे आपल्या नावावर सांगणारा आणि चुकले तर सभासदांच्या शिव्या खाणारा माणूस त्याला निर्माण करता आला नाही. तसा माणूस वर्षानुवर्षांच्या उठण्याबसण्यातून तयार होतो.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. फोन टाकून द्या असे आम्ही सांगत नाही. त्यावर शिका, विचारा, आणि विशेषतः उत्तर द्या, कारण उत्तर देणाऱ्यांवरच ही सावड चालते. मात्र पुढे धाडण्यापूर्वी आपण जामीनपत्रावर सही करीत आहो असे समजा. आणि वडीलधाऱ्यांनो, मुले फोनवर बोलतात म्हणून तोंड फिरवू नका. तुमच्यापाशी जे आहे ते त्यांना द्या.

आम्ही आज येथे जे बोललो, त्याला आमचे नाव आहे. चूक वाटेल ते आत्ताच उठून विचारावे. पुढे कधी विचारावेसे वाटले, तर संध्याकाळी आम्ही वाचनालयात असतो. ती म्हातारी बाई आजही आमच्या बैठकीला येते. आम्ही काही सांगू लागलो, की आधी विचारते, "भाऊ, इचारलं काय?" आता बहुधा आमच्यापाशी उत्तर असते.